मशीन अजून जुळतंय, कंट्रोल रूम मात्र चालू आहे

फ्यूजनबद्दल, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढण्याबद्दल, मराठी पेपरात काहीही आलं की हेडिंग ठरलेलं असतं, कृत्रिम सूर्य. मग १५ कोटी अंश तापमान, समुद्राच्या पाण्यातून इंधन, आणि शेवटी भारताचा सहभाग म्हणून हजीऱ्यात बनलेलं ते अवाढव्य क्रायोस्टॅट (मशीनभोवतीचं थर्माससारखं भांडं), झाली बातमी. यातलं खोटं काहीच नाही. पण मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस, असलं काही वाचलं की माझं डोकं भलतीकडेच जातं, की अरे बाबा या सगळ्याचं वायरिंग कोण करतंय? कुठला सिग्नल कुठे जातोय, त्याला नाव काय दिलंय, तो खोटं बोलायला लागला तर कळणार कसं, आणि पहाटे तीनला काही ट्रिप झालं तर आधी काय पडलं आणि मग काय पडलं हे छातीठोकपणे कोण सांगणार? सूर्याबिर्याचं नंतर बघू.

माझी सुरुवात सांगली भागातल्या एका साखर कारखान्यातली. बॉयलर, टर्बाइन, ज्यूस हीटर, सीझनला झोप नाही आणि ऑफसीझनला ओव्हरहॉलिंग. मग पुण्यात पॅनेल आणि पीएलसीच्या (कारखान्यातली यंत्रं चालवणारे छोटे कॉम्प्युटर) धंद्यात आलो आणि फिरत फिरत इटर नावाच्या प्रोजेक्टच्या पाण्याच्या सिस्टिमचा एक तुकडा आमच्या टेबलावर येऊन पडला. तुकडा म्हणजे खरंच तुकडा, काही पंप, व्हॉल्व्ह, ट्रान्समीटर (मोजलेलं माप पाठवणारी उपकरणं) आणि त्यांचं कंट्रोल. पण त्या तुकड्यासोबत कागदपत्रांचा जो ढीग आला तो वाचता वाचता मला या विषयाचं जे वेड लागलं ते अजून गेलेलं नाही. हा लेख त्या वेडातून लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. दक्षिण फ्रान्समधे काडाराश नावाच्या ठिकाणी इटर बांधताहेत. टोकामाक प्रकारचं मशीन, म्हणजे मेदूवड्याच्या आकाराची पोकळी, तिच्यात हायड्रोजनच्या भावंडांचा, ड्यूटेरियम आणि ट्रिटियमचा प्लाझ्मा, आणि तो भिंतीला लागू नये म्हणून भोवती सुपरकंडक्टिंग मॅग्नेट. प्लाझ्माचं आकारमान ८४० घनमीटर, त्यातून वाहणारा करंट १५ मेगाअँपिअर, आणि ध्येय हे की ५० मेगावॉट हीटिंग आत घालायचं आणि ५०० मेगावॉट फ्यूजनची पॉवर काढायची. वीज तयार करणार नाहीत हां, तो सगळा ताप कूलिंग टॉवरमधून हवेत सोडून देणार. आणि ते उष्णता फेकून द्यायचं काम भारताकडे आहे. माझ्या एका मित्राला याचं फार हसू येतं, मला नाही येत, कारण मॅग्नेट, पॉवर सप्लाय, हेलियम थंड करणारा क्रायोप्लांट यातलं काहीही पाण्याशिवाय पाच मिनिटं चालत नाही.

करार झाला २१ नोव्हेंबर २००६ ला, पॅरिसमधे. सात पार्ट्या, युरोप, भारत, चीन, जपान, कोरिया, रशिया, अमेरिका. युरोपचा वाटा साधारण ४५ टक्के, बाकीच्यांचा नऊ-नऊ. आणि इथेच खरी गंमत आहे, कारण हा वाटा बहुतांशी पैशांत नाहीये, वस्तूंत आहे. गावात हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा कसा प्रत्येक घरातून शिधा येतो, कुणाकडून गहू, कुणाकडून गूळ, कुणाकडून तेल, आणि आचाऱ्याने ते सगळं एका कढईत बसवायचं, तसं. फरक इतकाच की इथे गहू दळलेला आलाय की अख्खा, हे आचाऱ्याला दहा वर्षं आधी लिहून द्यावं लागतं.

मॅग्नेटचंच घ्या ना. टोरॉइडल फील्डच्या १८ कॉइल मशीनमधे बसणार, काही जपानच्या, काही युरोपच्या. त्यांच्यातून ६८ हजार अँपिअर जाणार. मॅग्नेटना करंट देणारे कन्व्हर्टर कोरिया आणि चीनमधून येतात. कॉइल चार केल्विनच्या आसपास थंड ठेवायला हेलियम, ते नेणाऱ्या क्रायोलाइन भारताकडून. आणि समजा कॉइलचा एखादा भाग गरम झाला, त्याचं सुपरकंडक्टिंगपण गेलं, ज्याला क्वेंच म्हणतात, तर सगळी ऊर्जा मॅग्नेटमधून काढून रेझिस्टरमधे जाळायची, ते स्विच आणि रेझिस्टर रशियाचे. सगळ्या मॅग्नेटमधे मिळून साठलेली ऊर्जा ५१ गिगाज्यूल, आपल्या भाषेत सुमारे १४ हजार युनिट. एवढी वीज बाहेर काढायचा निर्णय काही सेकंदांत व्हायला हवा, आणि ज्या व्होल्टेजवरून क्वेंच ओळखायचा ते असतं व्होल्टाच्या एखाद्या अंशाएवढं, तेही आजूबाजूला कॉइलचंच किलोव्होल्टांमधलं व्होल्टेज वरखाली होत असताना. आता बघा, ओळखणारा एका देशाचा, करंट थांबवणारा दुसऱ्याचा, ऊर्जा जाळणारा तिसऱ्याचा, आणि या तिघांनी एकमेकांची फॅक्टरी कधी बघितलेली नाही. हे जोडायचं काम ज्यांच्याकडे आहे त्या सिस्टिमचं नाव कोडॅक. कंट्रोल, डेटा अॅक्सेस आणि कम्युनिकेशन. आणि तिच्या शेजारी, मुद्दाम वेगळी ठेवलेली, इंटरलॉक आणि सेफ्टीची मंडळी.

मला आधी वाटायचं की असल्या ठिकाणी कंट्रोल डिझाइन म्हणजे भारी अल्गोरिदम, मायक्रोसेकंदात चालणारे लूप, बोर्डावर इंटिग्रलची चिन्हं. ते आहेच. प्लाझ्मा उभट ठेवतात, उभट ठेवला की कामगिरी सुधारते, पण उभट प्लाझ्मा आपोआप वर किंवा खाली घसरायला लागतो, मधे टिकतच नाही. भोवतीच्या जाड धातूच्या भांड्यात उलटे करंट तयार होऊन ती घसरण थोडी मंदावते, आणि तेवढ्या अवधीत कंट्रोलरने मोजून, हिशेब करून, कॉइलमधे करंट बदलून त्याला परत मधे आणायचं, आणि हे पूर्ण पल्सभर. तरीही, आणि हे माझं मत आहे, कुणाला पटो न पटो, या सिस्टिमचं अवघड काम तिथे नाहीये. तो भाग हुशार लोकांना आवडतो म्हणून त्याला माणसं मिळतात. अवघड काम आहे ते अत्यंत कंटाळवाण्या गोष्टींवर सात पार्ट्यांचं आधीच एकमत करून घेण्याचं, वस्तू बनायच्या आधी, ऑर्डर निघायच्या आधी.

यासाठी त्यांनी एक पुस्तक काढलं. प्लँट कंट्रोल डिझाइन हँडबुक, सगळे पीसीडीएच म्हणतात. त्यात काय नाही ते विचारा. पीएलसी कुठला वापरायचा (सीमेन्सचा एस७), सर्व्हर आणि फास्ट कंट्रोलरवर कुठलं लिनक्स, कंट्रोलचं सॉफ्टवेअर कुठलं, क्युबिकल (पॅनेलचं कपाट) कसं, सिग्नलला नाव कसं द्यायचं, प्रत्येक सिस्टिमने स्वतःची अवस्था कुठल्या शब्दांत सांगायची. म्हणजे तुमचा पंप असो की कुणाचा प्लाझ्मा तापवणारा गायरोट्रॉन, वर मुख्य सिस्टिमला सांगताना तुम्ही ऑफ आहात, नॉट रेडी आहात, रेडी आहात की एक्झिक्युटिंग आहात, हे ठरलेल्याच शब्दांत सांगायचं, स्वतःचा शब्द काढायचा नाही. वाचायला घेतलं की दहाव्या पानावर डोळे मिटतात. पण मी म्हणेन, या प्रोजेक्टमधलं सगळ्यात महागडं डिझाइन हेच आहे, कारण यातली एक ओळ चुकली तर ती शंभरावर सिस्टिममधे चुकणार.

नावाचं उदाहरण सांगतो, कारण तो दिवस माझ्या डोळ्यासमोर आहे. चाकणच्या बाजूला एका शेडमधे आमच्या क्युबिकलची फॅक्टरी टेस्ट चालू होती. इटरवाले प्रत्येक पार्टीला मिनी-कोडॅक देतात, म्हणजे मोठ्या सिस्टिमची छोटी आवृत्ती, आपापल्या शेडमधे बसून तुमचं पॅनेल त्याच्याशी बोलतंय का ते बघून घ्या, मग फ्रान्सला पाठवा. कल्पना मला प्रचंड आवडली, कारण नाहीतर आपल्याकडे रीत अशी की पॅनेल साइटवर टाकायचं आणि मग तिथे उन्हात बसून भांडायचं. तर नाव कसं, आधी प्लँटच्या झाडातला नंबर, कूलिंग वॉटर म्हणजे २६, कोडॅक स्वतः ४५, इंटरलॉक ४६, असं ठरलेलं. मग डॅश, मग वस्तू काय प्रकारची त्याची अक्षरं, मग डॅश, चार आकडी क्रमांक, मग कोलन, आणि पुढे सिग्नल. आमचे वायरमन मामा, पंचवीसेक वर्षं फेरूल (वायरच्या टोकावरची नावाची नळी) घालतायत, त्यांनी ते फेरूलवर मावणारच नाही असं जाहीर केलं.

"सर, पंप आपला, पॅनेल आपलं, नाव एवढं मारुतीच्या शेपटीसारखं कशाला? सीडब्ल्यू-पी-वन लिहू की."

"मामा, अहो सीडब्ल्यू-पी-वन अजून चार जणांकडे असणार."

"असेना का. ते फ्रान्सला बसलेत, त्यांना कळत नाही का कुठला कुणाचा?"

नाही ना कळत. तिथे बसलेल्या माणसाला दहा लाखाच्या आसपास व्हेरिएबल दिसणारेत. पंप एक कुठल्याच कारखान्यात हरवत नाही कारण तो कुठाय हे आपल्या गण्याला माहीत असतं. जिथे गण्याच नाही, किंवा असे सातशे गण्या वेगवेगळ्या भाषा बोलतात, तिथे नावातच सगळं असावं लागतं. मामांनी शेवटी ते लांब नाव क्युबिकलच्या आत एका लॅमिनेट केलेल्या चार्टवर घेतलं आणि टर्मिनलला ड्रॉइंगचा नंबर टाकला, जे खरंतर बरोबरच होतं, आणि दुपारभर कुणाशी बोलले नाहीत.

सॉफ्टवेअर म्हणून त्यांनी एपिक्स निवडलं आणि हा निर्णय मला आवडतो. एपिक्सचा जन्म ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत, लॉस अलामॉसमधे, रेगनसाहेबांच्या स्टार वॉर्स कार्यक्रमातल्या एका अॅक्सिलरेटरसाठी, मग अरगॉन लॅब त्यात आली, आणि तिथून ते जगभरच्या लॅबमधे पसरलं. कोरियाचं केस्टार टोकामाक त्यावर चालतं, आणि इटरच्या लोकांनी काही कल्पना आधी तिथे चालवून बघितल्या. ओपन सोर्स आहे, दिसायला काही खास नाही, आपल्याकडच्या स्काडाची, म्हणजे प्लँट स्क्रीनवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची, ती चकचकीत थ्रीडी टाकी वगैरे इथे विसरा. पण त्यात एक गोष्ट आहे जी मला माझ्या कारखान्यात असती तर फार बरं झालं असतं. प्रत्येक आकड्यासोबत तो आकडा विश्वासाचा आहे की नाही हेही येतं, आणि तो आकडा नेमका कधीचा तेही. ट्रान्समीटर मेला, म्हणजे माप चार ते वीस मिलीअँपिअरमधे यायला हवं त्या लूपमधे साडेतीनच्या खाली गेलं, तर स्क्रीनवर शून्य दाखवायचं नाही, इनव्हॅलिड दाखवायचं. शून्य बार आणि माहीत नाही, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शून्य दिसल्यावर पंप चालू करणारे बहाद्दर मी पाहिलेत.

आता कधीचा, यावर जरा थांबतो. आमच्या कारखान्यात एका रात्री टर्बाइन ट्रिप झाला. डीसीएसच्या (कारखान्याची मुख्य कंट्रोल सिस्टिम) अलार्म लिस्टमधे आधी ल्यूब ऑइलचं प्रेशर लो, मग ट्रिप. जनरेटरच्या रिलेमधे बघितलं तर आधी इलेक्ट्रिकल फॉल्ट. म्हणजे मेकॅनिकलवाले म्हणणार तुमच्यामुळे, इलेक्ट्रिकलवाले म्हणणार तुमच्यामुळे, आणि इन्स्ट्रुमेंटवाले मधे, कारण दोन घड्याळांत कित्येक सेकंदांचा फरक, आणि कुणाचं बरोबर हे देवालाच माहीत. सकाळपर्यंत मीटिंग चालली, शेवटी जो सगळ्यात मोठ्याने बोलला त्याचं कारण रिपोर्टमधे गेलं.

इटरमधे वेळेसाठी वेगळं नेटवर्कच आहे, टाइम कम्युनिकेशन नेटवर्क. ज्यांना अचूक वेळ हवी अशा सगळ्या फास्ट कंट्रोलरना एकच घड्याळ, आणि अचूकता ५० नॅनोसेकंदांच्या आसपास. नॅनोसेकंद म्हटलं की आपण मान डोलावतो आणि पुढे जातो, म्हणून हिशेब बघा, फायबरमधे प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटीमीटर जातो. म्हणजे एक किलोमीटर केबल मधे आली की ५ मायक्रोसेकंद गेले, ठरवलेल्या अचूकतेच्या शंभर पट. त्यामुळे वेळ नुसती पाठवून भागत नाही, पाठवणारा आणि घेणारा एकमेकांना निरोप देऊन जाण्या-येण्याला किती लागलं ते मोजतात आणि तेवढं वजा करतात, आणि हे सतत. एवढं कशाला? कारण प्लाझ्मा कोसळतो, ज्याला डिसरप्शन म्हणतात, तेव्हा सगळा खेळ काही मिलीसेकंदांचा. त्यात मॅग्नेटिक प्रोबने काय पाहिलं, कॅमेऱ्याने काय पाहिलं, पॉवर सप्लायने काय केलं, आणि गोठवलेल्या हायड्रोजन-निऑनच्या गोळ्यांचा चुरा आत मारणारी जी बचावाची सिस्टिम आहे ती कधी सुटली, हे एका रेषेवर मांडता आलं नाही तर पुढच्या पल्सला काय बदलायचं ते कळणारच नाही. आमच्या त्या रात्रीच्या मीटिंगसारखी मीटिंग होईल फक्त, सात देशांची.

दुसरी नेटवर्कं पण आहेत. रोजच्या कामाचं प्लँट ऑपरेशन नेटवर्क, प्लाझ्मा कंट्रोलचे सिग्नल ठरलेल्या वेळेत पोचवणारं सिंक्रोनस डेटाबस नेटवर्क, नुसता डेटा साठवायला नेणारं आर्काइव्हिंग नेटवर्क. कारण उघड आहे, कॅमेऱ्याचा पूर आणि कॉइलची कमांड एकाच रस्त्याने गेली तर एखाद्या दिवशी कमांड ट्रॅफिकमधे अडकणार.

आणि मग तीन मजले. कोडॅक रोजचा कारभार बघतं, आणि गृहीत असं धरलंय की कोडॅक चुकू शकतं. सॉफ्टवेअर आहे, अपग्रेड होणार, माणसं त्यात रोज हात घालणार. म्हणून मशीन वाचवायला सेंट्रल इंटरलॉक सिस्टिम, तिचे पीएलसी वेगळे, नेटवर्क वेगळं, आणि जिथे पीएलसीचाही वेग पुरत नाही तिथे एफपीजीए (लॉजिक थेट सर्किटमधेच बसवलेली चिप), आणि मॅग्नेटच्या त्या ऊर्जा काढायच्या कामाला सरळ तांब्याच्या तारेचा करंट लूप. लूप तुटला की डिस्चार्ज, संपलं, कुणाला विचारायचं नाही. आणि तिसरं सेफ्टी, माणसांसाठी आणि ट्रिटियमसाठी, कारण इटर फ्रेंच कायद्याने अणुप्रकल्प आहे, नंबर १७४, नोव्हेंबर २०१२ मधे परवानगीचा आदेश निघाला, आणि तिथला नियंत्रक काही ऐकून घेणाऱ्यातला नाही. इंटरलॉक कोडॅकला विचारत नाही, सेफ्टी दोघांनाही विचारत नाही. कोडॅकवाल्यांना हे अपमानास्पद वाटत नसावं, मला तरी वाटलं नसतं. माझ्यावर कुणाचा तरी पहारा आहे म्हटल्यावर मी उलट निवांतपणे सॉफ्टवेअर बदलीन.

एका गोष्टीने मात्र मला रात्रभर जागं ठेवलं, इंटिग्रेटर. प्लाझ्मा कुठे आहे हे मोजतात कसं? भांड्याला चिकटवलेल्या छोट्या कॉइलनी. पण कॉइल मॅग्नेटिक फील्ड दाखवत नाही, ते किती वेगाने बदलतंय तेवढंच व्होल्टेज देते. फील्ड हवं तर ते व्होल्टेज वेळेनुसार बेरीज करत न्यायचं. जुन्या टोकामाकमधे हे सोपं, आपल्या गांधीनगरच्या आदित्यमधे, जे १९८९ पासूनचं, पल्स म्हणजे सेकंदाचा काही भाग. इटरला ४०० सेकंदाचे पल्स, आणि पुढे तासाभराच्या जवळ जायचंय. आता कुठल्याही अॅम्प्लिफायरला थोडा तरी ऑफसेट असतोच, एक मायक्रोव्होल्ट धरा, कुणी लक्षही देणार नाही असा. पण ३६०० सेकंद बेरीज केल्यावर तो ३६०० मायक्रोव्होल्ट-सेकंद होतो, आणि कंट्रोलरला प्लाझ्मा सरकल्यासारखा दिसायला लागतो, जो सरकलेलाच नाही. मग तो बिचारा इमानदारीत त्याला मधे आणायला जातो आणि खरोखरच सरकवतो. उपाय इतका साधा की वाचून मी एकटाच हसलो. येणाऱ्या सिग्नलची दिशा इलेक्ट्रॉनिक स्विचने सारखी उलटसुलट करायची, आणि आकड्यात बदलल्यावर परत सुलट करायची. सिग्नल दोनदा उलटून सुलट होतो, अॅम्प्लिफायरचा ऑफसेट मात्र एकदाच उलटतो, त्यामुळे एकदा अधिक एकदा उणे होत बराचसा आपसात कटतो. उरलेल्यासाठी पल्सआधी मोजून वजाबाकी.

लांब पल्समुळे डेटाची सगळी रीतच बदलली. पूर्वी शॉट झाला की डिजिटायझरच्या मेमरीतून डेटा निवांत काढायचा, चहा प्यायचा, मग ग्राफ बघायचे. इटरच्या कुंपणाच्या पलीकडेच वेस्ट नावाचं फ्रेंच टोकामाक आहे, त्याने फेब्रुवारी २०२५ मधे १३३७ सेकंद प्लाझ्मा धरून ठेवला. एवढ्या वेळात चहाच काय, वडापाव आणून खाऊन होईल. त्यामुळे इटरमधे डेटा वाहता, पल्स चालू असतानाच साठवायचा आणि चालू असतानाच बघायचा, आणि जपानमधे रोक्काशोला जे रिमोट सेंटर आहे तिथल्या लोकांनाही तो लवकर मिळायला हवा. आणि काही फेकायचं नाही, कारण आज कचरा वाटणारा सिग्नल दहा वर्षांनी कुणाच्या तरी पीएचडीचा विषय असतो.

दहा वर्षांनी, हा शब्द इथे नेहमीचा आहे. इंग्लंडमधलं जेट नावाचं टोकामाक १९८३ ला सुरू झालं आणि डिसेंबर २०२३ ला थांबलं, शेवटच्या पल्सचा नंबर १०५८४२. त्याच्या कंट्रोल सिस्टिमची सुरुवात नॉर्स्क डेटा नावाच्या नॉर्वेच्या कंपनीच्या मिनीकॉम्प्युटरवर झाली. ती कंपनी नव्वदीत संपली, मशीन आणखी तीसेक वर्षं चाललं. मधे सगळं युनिक्सवर उचलून न्यावं लागलं, शॉट चालू ठेवून. इटरचं तर मशीन सुरू व्हायच्या आधीच हे चालू झालंय. आधी पहिला प्लाझ्मा २०२० च्या आसपास म्हणत होते, मग २०२५, मग २०२२ मधे व्हॅक्यूम व्हेसलच्या भागांची मापं आणि थर्मल शील्डच्या पाइपना तडे हे प्रकार निघाले, आणि २०२४ मधे नवं वेळापत्रक आलं, संशोधनाचं काम २०३४ ला सुरू, ड्यूटेरियम-ट्रिटियम २०३९ ला. कोडॅकच्या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती २०१० ची. म्हणजे खऱ्या इंधनावर चालेपर्यंत ते एकोणतीस वर्षांचं होणार, दरम्यान लिनक्सच्या किती आवृत्त्या जातील मोजा, एस७-४०० च्या शेजारी एस७-१५०० येऊन बसलाच आहे.

म्हणून लोक म्हणतात की मशीन तयार नाही तर कंट्रोलवाल्यांना एवढी घाई काय होती. अहो, कंट्रोल सिस्टिम शेवटी लागते ही समजूतच चुकीची आहे. सगळ्यात आधी वीज आली, तिला कंट्रोल लागलं. मग पाणी, मग हेलियमचा प्लांट. कायमच्या कंट्रोल रूमची वाट न बघता तात्पुरती कंट्रोल रूम उभी करून ही कामं सुरू केली, मोठमोठे स्क्रीन, समोर माणसं, आणि स्क्रीनवर टोकामाक नाही तर ट्रान्सफॉर्मर, पंप आणि कॉम्प्रेसर. वीस वर्षांपूर्वीचा मी तिथे नेऊन बसवला तरी अर्ध्या तासात कामाला लागला असता. आमचे पंप त्यातलेच. एक मॉनिटर, त्यावर ते शेपटीएवढं नाव, आणि समोर हिरवं. मामांना फोटो दाखवला तर म्हणाले, "मग? वायरिंग चांगलं केलेलं होतं म्हणून चाललं."

मला आता वेगळीच काळजी लागलीय. आकडे सगळे जपले जाणार, नॅनोसेकंदासकट, पण एखादा आकडा तसा का ठरवला हे कुठल्याच नेटवर्कवरून जात नाही. आमच्या एका प्रेशरच्या अलार्मच्या सेटपॉइंटवर, म्हणजे तो कुठल्या आकड्याला वाजायचा यावर, तिकडचे आणि इकडचे मिळून इतकं भांडलो होतो, पंपवाल्याचं म्हणणं एक, पाइपिंगवाल्याचं दुसरं, शेवटी मधला आकडा निघाला आणि त्यामागे एक नीट कारणही निघालं. परवा एका नव्या मुलाने विचारलं की सर हा आकडा एवढा विचित्र का, राउंड करू का. कारण कुठे आहे, तर चार जणांच्या ईमेलमधे, त्यातल्या दोघांनी नोकरी बदलली, एक रिटायर झाला. तेव्हापासून प्रत्येक सेटपॉइंटसमोर कारण लिहायला लावतोय, पोरं वैतागतात, म्हणतात कोण वाचणार. एपिक्समधे त्यासाठी डिस्क्रिप्शनचं फील्ड आहे, पण त्यात चाळीसच अक्षरं मावतात, आणि आमचं भांडण काही चाळीस अक्षरांचं नव्हतं. म्हणून एक साधी टेक्स्ट फाइल ठेवलीय, कॉन्फिगरेशनच्याच फोल्डरमधे, तीच व्हर्जन कंट्रोलमधे जाते. मामांनी त्यात फेरूलचा मुद्दाही टाकायला लावलाय.